घरातली रसायने: धोका नेमका कुठे असतो आणि अपघात झाला तर पहिल्या तासात काय करावे?

थोडक्यात महत्त्वाचे

• अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, रॉकेल, थिनर किंवा फिनेल पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजू नका.
• डोळ्यात किंवा अंगावर काही उडाले असेल तर आधी नळाचे साधे पाणी, निदान २० मिनिटे. डॉक्टरांकडे जाणे त्यानंतर.
• ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू तयार होतो.
• घड्याळात किंवा रिमोटमध्ये असते ती चपटी बटण बॅटरी मुलाने गिळल्याची शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा. त्रास दिसण्याची वाट पाहू नका.
• उंदराच्या औषधानंतर रुग्ण दोन-तीन दिवस ठणठणीत दिसू शकतो. तो बरा झाला असे समजू नका.
• रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७.

रसायन म्हणजे विष नव्हे

'रसायन' हा शब्द ऐकला की अनेकांच्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. खरे तर पाणी, मीठ, साखर, व्हिनेगर, खायचा सोडा ही सगळी रसायनेच आहेत. उलट कण्हेरीच्या बिया, धोतऱ्याच्या बिया आणि रुईचा चीक पूर्णपणे नैसर्गिक आहेत, पण जिवावर किंवा डोळ्यावर बेतू शकतात. म्हणून 'नैसर्गिक की रासायनिक' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने मांडलेला विचार आजही विषशास्त्राचा पाया मानला जातो: एखादा पदार्थ विष ठरतो की नाही हे त्याच्या मात्रेवर ठरते.

मात्रेबरोबर आणखी तीन गोष्टी तुम्ही लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, पदार्थ शरीरात कुठून गेला: तोंडातून, श्वासातून, त्वचेतून की डोळ्यातून. दुसरी, किती वेळ संपर्क राहिला. तिसरी, कोणाला झाला. दहा किलोच्या बाळाला एक घोट जेवढा घातक असतो तेवढा साठ किलोच्या माणसाला नसतो.

या लेखात घरात सर्रास सापडणाऱ्या रसायनांचा विचार केला आहे. प्रत्येक पदार्थ शरीरात वेगळ्या पद्धतीने इजा करतो. ती पद्धत समजली की 'हे करा, ते करू नका' यामागचे कारण कळते आणि घाईच्या वेळी चूक होत नाही.

१. टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा: जाळणारे पदार्थ

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फरशीवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला वापरतात ते सुटे अ‍ॅसिड याहून खूप तीव्र असते. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असते. हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माचा पदार्थ.

आम्ल पेशींमधील प्रथिने गोठवते. त्यामुळे जळलेल्या भागावर एक कडक पापुद्रा तयार होतो आणि आम्ल खोल जाण्याला काही प्रमाणात अडथळा येतो. अल्कली मात्र पेशी विरघळवत आत आत जाते. चरबीवर कॉस्टिक सोडा टाकला की साबण होतो. तसेच काहीसे आपल्या ऊतींचे होते. म्हणूनच कॉस्टिकची इजा वरून साधी दिसली तरी आत खोल असू शकते.

पोटात गेले तर काय होते? तोंड, घसा, अन्ननलिका आणि जठर भाजते. मुलाच्या तोंडातून सतत लाळ गळणे, गिळायला नकार, आवाज घोगरा होणे, छातीत किंवा पोटात दुखणे, रक्ताची उलटी ही लक्षणे असतात. तोंडात एकही फोड नसला तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते. म्हणून 'तोंड तर साफ दिसते' यावर विसंबू नका.

उलटी का करवायची नाही? जो पदार्थ खाली जाताना अन्ननलिका जाळतो, तोच वर येताना पुन्हा जाळतो, आणि श्वासनलिकेत शिरण्याची भीती वेगळीच. आम्लावर सोडा किंवा कॉस्टिकवर लिंबू-व्हिनेगर पाजणेही चुकीचे आहे. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निर्माण होते आणि खायच्या सोड्याने वायूही तयार होतो. आधीच भाजलेल्या नाजूक भागाला हे दोन्ही घातक आहे.

तोंडातला उरलेला पदार्थ थुंकायला सांगा, पाण्याने चुळा भरायला द्या, ओठ-हनुवटी धुवा आणि रुग्णालयात न्या. वाटेत पाणी, दूध, केळे काहीही जबरदस्तीने देऊ नका.

रुग्णालयात साधारणपणे पहिल्या २४ तासांत दुर्बिणीने अन्ननलिका तपासली जाते. इजा किती खोल आहे यावर पुढचे उपचार ठरतात. येथे नातेवाइकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सुरुवातीचे दुखणे आठवड्याभरात कमी होते, रुग्ण खाऊ लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण जखम भरताना अन्ननलिका आकसत जाते. साधारण तीन आठवड्यांनंतर ते काही महिन्यांत आधी पोळी, मग भात आणि शेवटी पाणीही अडकू लागते. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. गिळताना अडखळल्यासारखे वाटले तर लगेच दाखवा. आकसलेली नळी फुग्याने किंवा विशेष उपकरणाने टप्प्याटप्प्याने रुंद करता येते, पण त्यासाठी रुग्ण वेळेत यायला हवा.

२. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र: बाथरूममधला क्लोरीन

कपड्यांच्या आणि फरशीच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते, तर ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट. दोन्ही सूचनेप्रमाणे वापरले तर उत्तम जंतुनाशक आहेत. पण डाग निघत नाही म्हणून त्यावर टॉयलेट क्लीनर ओतले की आम्ल आणि हायपोक्लोराइट यांच्या क्रियेतून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. घरात त्याचे प्रमाण कमी असते, पण बंद बाथरूममध्ये तेवढेही पुरते.

डोळ्यांच्या, नाकाच्या आणि फुफ्फुसांच्या ओलसर अस्तरात क्लोरीन विरघळतो आणि तिथे पुन्हा आम्ल तयार होते. डोळे चुरचुरणे, ठसका, छाती भरून येणे, धाप लागणे ही लक्षणे लगेच दिसतात. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. खाली बसून फरशी घासणाऱ्याला आणि रांगणाऱ्या बाळाला तो जास्त बाधतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला काचेचा क्लीनर मिसळला तर क्लोरामाइन नावाचे असेच त्रासदायक वायू तयार होतात.

काय करावे: साफसफाई तशीच सोडून मोकळ्या हवेत या. जमेल तर बाहेर येताना दार-खिडकी उघडा, पण त्यासाठी आत थांबू नका. डोळे पाण्याने धुवा. खोकला पंधरा-वीस मिनिटांत ओसरला आणि श्वास सुरळीत असेल तर घरी लक्ष ठेवता येते. धाप, छातीत घरघर, ओठ निळसर होणे, किंवा आधीपासून दमा-हृदयविकार असेल तर रुग्णालयात जा. जास्त वायू श्वासात गेला असेल तर फुफ्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनंतरही सुरू होऊ शकतो. रात्री धाप वाढली तर सकाळची वाट पाहू नका.

घरकामाला येणाऱ्या ताईंना हे आवर्जून सांगा. दिवाळीच्या साफसफाईत दोन बाटल्या एकत्र करणारे हात बहुतेक वेळा त्यांचे असतात, आणि बाटलीवरची सूचना त्यांना वाचता येईल अशा भाषेत असतेच असे नाही.

३. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन: पोटापेक्षा फुफ्फुसाला धोका

रॉकेल पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. उन्हाळ्यात तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते आणि पहिल्याच घोटाला ठसका लागतो. खरा धोका त्या ठसक्यात आहे.

रॉकेल पोटात गेले तर सहसा मोठी इजा होत नाही. पण ते अतिशय पातळ आणि सहज पसरणारे असते. थोडेसे श्वासनलिकेत शिरले तरी ते फुफ्फुसभर पसरते, हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा नैसर्गिक थर नष्ट करते आणि न्यूमोनियासारखी सूज आणते. उलटी करवली तर पोटातले रॉकेलही फुफ्फुसात जाऊ शकते. म्हणूनच उलटी नको. मिठाचे पाणी नको. रुग्णालयातही अशा वेळी सहसा पोट धुतले जात नाही. डॉक्टरांनी पोट धुतले नाही म्हणजे उपचार केले नाहीत असा समज करून घेऊ नका.

रॉकेलने भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा आणि मुलाला रुग्णालयात न्या. मूल बरे दिसत असले तरी किमान सहा तास देखरेख लागते. खोकला, जलद श्वास, ताप, जास्त झोप येणे यांपैकी काही असेल तर दाखल करतात.

४. चुना आणि डोळे

पान-तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब घराघरांत पडलेली असते. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कलीच. शिवाय त्याचे कण पापणीच्या आत चिकटून बसतात आणि जाळत राहतात. बुबुळ पांढरे होऊन कायमची दृष्टी जाऊ शकते. डोळ्याच्या बाबतीत पहिली काही मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात. ती गाडी शोधण्यात घालवू नका.

असे करा:

• मुलाला चादरीत गुंडाळून धरा, डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करा. म्हणजे चुन्याचे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.
• बोटांनी दोन्ही पापण्या उघड्या धरा आणि नळाच्या किंवा तांब्याच्या हलक्या धारेने धूत राहा. निदान २० ते ३० मिनिटे.
• दिसणारे चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापसाने हलकेच टिपून काढा. वरची पापणी उचलूनही धुवा.
• कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा.
• गुलाबपाणी, दूध, तूप, मध, घरात पडलेले डोळ्याचे थेंब, यांतले काहीही घालू नका.
• मग थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि शक्य असेल तर वाटेतही धुणे चालू ठेवा.

अ‍ॅसिड, कॉस्टिक, ब्लीच, होळीचे रंग, वॉशिंग पावडर, सिमेंट यांसाठीही हीच पद्धत आहे. दुखणे कमी झाले म्हणून तपासणी टाळू नका. अल्कलीच्या इजेत दुखणे आणि नुकसान यांचा मेळ नेहमी बसत नाही.

५. डांबर गोळ्या आणि कापूर

ट्रंकेत, गोधड्यांत आणि मोरीच्या जाळीवर ठेवतो त्या डांबर गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा नॅफ्थलिन असते. लहान मुलांना ती पांढरी गोळी पेपरमिंटसारखी वाटते. नॅफ्थलिन शरीरात बदलून तांबड्या रक्तपेशींवर ताण आणते. जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असलेल्या व्यक्तींच्या रक्तपेशी हा ताण सहन करू शकत नाहीत आणि फुटतात. ही कमतरता जन्मजात असते, मुलग्यांत अधिक आढळते, आणि बहुतेक घरांत ती आहे हे माहीतही नसते. एक ते तीन दिवसांनी लघवी चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे होणे, चेहरा फिका पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात. गोळी गिळल्यावर मूल त्या दिवशी चांगले दिसले तरी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करून घ्या.

नवजात बाळाच्या बाबतीत गोळी गिळण्याचीही गरज नसते. बाळासाठी म्हणून मऊ जुनी साडी, दुपटी, लोकरीचे टोपडे पेटीतून काढतात आणि तसेच वापरतात. त्यातील नॅफ्थलिन श्वासातून आणि त्वचेतून बाळाच्या शरीरात जाऊन तीव्र कावीळ होऊ शकते. असे कपडे बाळाला वापरण्यापूर्वी उन्हात चांगले वाळवा, धुवा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नका. बाळाच्या कपाटात डांबर गोळी ठेवूच नका.

कापूर देवघरात असतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. लहान मुलाने थोडासा कापूर खाल्ला तरी काही मिनिटांत ते दीड तासात झटके येऊ शकतात. तेल-कापूर छातीला जास्त प्रमाणात चोळणे, नाकाजवळ कापराची पुरचुंडी बांधणे हे दोन वर्षांखालील मुलांत टाळा. तान्ह्या बाळांत कापराच्या तीव्र वासाने श्वास थांबण्याचा धोका असतो. कापूर आणि नॅफ्थलिन दोन्ही चरबीत विरघळतात. म्हणून हे पोटात गेल्यावर दूध-तूप देऊ नये.

६. बटण बॅटरी: न फुटताही जाळते

रिमोट, खेळणी, वजनकाटा, दिव्यांच्या पणत्या, वाजणारी शुभेच्छापत्रे यांत चपटी गोल बॅटरी असते. नाण्याएवढी लिथियम बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकते. तिथल्या ओलाव्यातून वीजप्रवाह वाहतो आणि बॅटरीच्या ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली, तयार होऊ लागते. बॅटरी फुटावी लागत नाही. दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होऊ शकते आणि पुढे नळीला भोक पडून मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत इजा पोहोचू शकते. उपकरण चालत नाही इतकी 'संपलेली' बॅटरीही हे करू शकते.

मूल अचानक खात नाही, लाळ गळते, खोकते, उलटी करते आणि घरातली बॅटरी सापडत नाही, एवढी शंका पुरेशी आहे. एक्स-रे काढता येईल आणि दुर्बिणीने बॅटरी काढता येईल अशा मोठ्या रुग्णालयात थेट जा. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे इजेचा वेग कमी होतो. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका.

७. उंदराचे औषध, धान्यातल्या गोळ्या, कीटकनाशके

उंदराचे औषध हे एकच रसायन नाही. कोणत्या डब्यात काय आहे यावर उपचार पूर्ण बदलतात.

• पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट: पहिल्या दिवशी मळमळ, उलटी. मग एक ते तीन दिवस रुग्ण जवळजवळ बरा. त्यानंतर कावीळ, रक्तस्राव, ग्लानी आणि यकृत निकामी होणे. मधले दिवस फसवे असतात. 'आता बरा आहे' म्हणून सही करून घरी नेलेला रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी गंभीर अवस्थेत परत येऊ शकतो. यकृताच्या तपासण्या रोज होणे आवश्यक असते.
• रक्त पातळ करणाऱ्या वड्या: रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. यावर 'के' जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण तो कधी कधी अनेक आठवडे घ्यावा लागतो.
• झिंक फॉस्फाइड आणि धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या: ओलाव्याशी संबंध आला की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. या गोळ्या झोपायच्या खोलीत, शेजारच्या खोलीतही, धान्यात किंवा ढेकणांसाठी ठेवू नका. बंद घरात रात्रभरात संपूर्ण कुटुंबाला बाधा होऊ शकते. अशा रुग्णाला तोंडाने श्वास देऊ नका.
• शेतीची कीटकनाशके: अनेक औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली बारीक होणे, उलटी-जुलाब, छातीत घरघर ही लक्षणे. ती त्वचेतूनही शरीरात जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि काहींचे प्राण गेले. अशा रुग्णाचे कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, स्वतः हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरा. अ‍ॅट्रोपिन हे यावरचे मुख्य औषध ग्रामीण रुग्णालयातही मिळते, म्हणून जवळच्या रुग्णालयात आधी न्या.

पोलीस केस होईल म्हणून लपवू नका

'चुकून काही तरी खाल्ले' असे सांगून विषाचे नाव लपवले की डॉक्टरांचे मौल्यवान तास वाया जातात. तातडीचे उपचार देणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे आणि पोलिसांना कळवणे ही केवळ नोंदीची प्रक्रिया असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि अन्यथा सिद्ध झाल्याखेरीज तिला शिक्षा होत नाही. तिला रागावण्याची नाही, सोबतीची गरज असते. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेली मानस या सरकारी मदतवाहिनीवर १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येते. अशा काळात विषारी औषधे घरातून हलवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

८. कार्बन मोनॉक्साइड: वास नाही, रंग नाही

हवा अपुरी असताना गॅस, कोळसा किंवा लाकूड जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीर आतल्या आत गुदमरते. बाथरूममध्येच बसवलेला गॅस गिझर, बंद खोलीत बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेली शेगडी, हिवाळ्यात दार लावून पेटवलेला कोळसा ही त्याची नेहमीची ठिकाणे. पोटातल्या बाळाला तो आईपेक्षाही जास्त बाधतो.

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गळून जाणे आणि मग बेशुद्धी असा क्रम असतो. घरातल्या अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी-उलटी झाली आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर याचा विचार आधी करा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. ते कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचे म्हणून मोजते आणि ९८ टक्के दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबू नका. दारे-खिडक्या उघडा, रुग्णाला बाहेर काढा, रुग्णालयात पूर्ण ऑक्सिजन सुरू होऊ द्या. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. पूर्ण ऑक्सिजनवर हे साधारण एक ते दीड तासात होते.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. खोलीत शेगडी ठेवून झोपू नका.

त्वचेवर रसायन सांडले तर

भिजलेले कपडे, अंगठी, बांगड्या, पट्टा आधी काढा. कोरडी पावडर किंवा चुना असेल तर प्रथम कोरड्या कपड्याने झटका, मग वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप लावू नका. चेहरा, हात, गुप्तांग किंवा सांध्यावर इजा असेल, फोड आले असतील किंवा कॉस्टिक असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

रुग्णालयात जाताना सोबत काय न्यावे?

• मूळ बाटली, डबा किंवा वेष्टन. रिकामे असले तरी. नसेल तर लेबलचा स्पष्ट फोटो.
• किती वाजता, साधारण किती प्रमाणात गेले याची माहिती.
• उलटी झाली का, घरी काय दिले.
• मुलाचे वजन, आधीचे आजार, चालू औषधे.

रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास अडखळत असेल तर तोंडात काहीही घालू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

अपघात होऊ नयेत म्हणून

• कोणतेही रसायन खाण्या-पिण्याच्या बाटलीत ओतू नका. सुटे फिनेल, अ‍ॅसिड घेताना आपली जुनी पाण्याची बाटली देऊ नका.
• सिंकखालचा कोपरा मुलांच्या हाताच्या उंचीवर असतो. क्लीनर वरच्या, कुलूप लागणाऱ्या कपाटात ठेवा.
• एका वेळी एकच क्लीनर वापरा, भरपूर पाणी ओता, खिडकी उघडी ठेवा.
• कॉस्टिक सोडा थंड पाण्यात थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी ओतू नका, गरम पाणी तर नकोच. ते उसळून चेहऱ्यावर येते.
• बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होणारी खेळणी घ्या. जुनी बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून टाका.
• तीव्र अ‍ॅसिडची गरज घरात क्वचितच असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले आहेत. दारावर सुटे मिळते म्हणून घेऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विष पोटात गेल्यावर दूध द्यावे का?
सरसकट नाही. कापूर, डांबर गोळी यांत दूध अपायकारक ठरू शकते आणि रॉकेलमध्ये उलटीचा धोका वाढवते. विष माहिती केंद्र किंवा डॉक्टरांनी सांगितले तरच द्या.

मिठाच्या पाण्याने उलटी करवली तर नुकसान काय?
जास्त मिठाने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊन झटके येऊ शकतात. म्हणजे एका विषबाधेवर दुसरी.

गरोदरपणात साफसफाईची रसायने वापरावीत का?
हवेशीर जागेत, हातमोजे घालून, पातळ करून फिनेल किंवा साबण वापरायला हरकत नाही. तीव्र अ‍ॅसिड, कीटकनाशक फवारणी आणि बंद बाथरूममधले ब्लीच इतरांवर सोपवा.

मुलाने किंचितच चाटले आहे, तरी न्यायचे का?
साबण, शाम्पू, टूथपेस्ट चाटले तर बहुतेक वेळा तोंड धुऊन लक्ष ठेवणे पुरते. अ‍ॅसिड, कॉस्टिक, कापूर, रॉकेल, उंदराचे औषध, कीटकनाशक आणि बटण बॅटरी यांत 'किंचित' हा शब्द चालत नाही. या सात गोष्टींसाठी लगेच निघा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष रुग्णाबाबतचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. १०८ आणि १८०० ११६ ११७ हे दोन क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवा आणि फ्रिजच्या दारावर लिहून लावा.